उत्तरांची पानं

फेब्रुवारी आला की आमच्या रस्त्यावरच्या झाडांची पानं गळतात आणि आठवड्याभरात सगळं झाड गुलाबी होऊन जातं. बंगळुरूत या झाडांचं फार कौतुक आहे. कामावर निघालेली माणसं स्कूटर कडेला लावून फोटो काढतात, मुली फुलांच्या सड्यावर उभ्या राहून मान वर करतात. मी त्या दिवसांत पलीकडच्या फुटपाथनं बस स्टॉपला जातो. फुलांनी माझं काही वाईट केलेलं नाही. पण ती फुलली की परीक्षा जवळ आल्या असं इथं म्हणतात, आणि परीक्षा म्हटलं की मला माझ्याच हातातलं लाल पेन दिसतं.

चार वर्षं झाली. संक्रांतीच्या तीळगुळापासून उगादीच्या, म्हणजे इथल्या पाडव्याच्या, कडुनिंबापर्यंतचा तो एक हंगाम होता, आणि तो आमच्या घरातून अजून गेलेला नाही. बाहेर हवा बदलते, पंखे लागतात, आंबे येतात. घरात मात्र तेच जेवणाचं टेबल आहे. त्याच्या एका टोकाला माझी बायको माधुरी अवरेकाईच्या शेंगा सोलत बसलेली असते आणि दुसऱ्या टोकाला रेवती, आमची एकुलती एक, वहीवर वाकलेली. अवरे म्हणजे आपल्या पावट्याची इथली बहीण. भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबला की साल हातात राहते आणि आतला गर टप् करून ताटलीत पडतो. इथल्या शेजारणींकडून माधुरी हे शिकली. त्या दिवसांत यशवंतपूरच्या बाजाराबाहेर टरफलांचे ढीग असत आणि त्यांचा हिरवा, किंचित उग्र वास कपड्यांना लागून घरात येई. टप्, टप्, आणि मध्येच वहीचं पान उलटल्याचा आवाज. अभ्यास म्हटलं की मला हे ऐकू येतं.

रेवतीची बारावी होऊन गेली होती. पहिल्या प्रवेशपरीक्षेत क्रमांक फार मागे आला, म्हणून तिनं एक वर्ष घरी बसून पुन्हा तयारी करायचं ठरवलं होतं. खरं तर ठरवलं मी. आदल्या वर्षी ती दोन महिने एका क्लासला गेली होती. मोठा हॉल, शिकवणाऱ्याच्या गळ्यात माइक, भिंतीवर पडदे. एकदा घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी हात वर केला तरी सरांना तो दिसतच नाही. पडद्यावर फक्त तेच दिसतात." मी लगेच म्हणालो, सोड तो क्लास. मी कराडला डिप्लोमा केला तो लायब्ररीतल्या दोन पुस्तकांवर. कुणी शिकवलं नाही की समजावलं नाही. स्वतः सोडवलेलं गणित हाडात मुरतं, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. ते मी इतक्या वेळा म्हटलं होतं की माझं मलाच ते खरं वाटू लागलं होतं. त्या दोन पुस्तकांच्या जोडीला आमच्या खोलीवर माझ्यापेक्षा हुशार असे तीन मित्र होते, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

तिला मेकॅनिकल घ्यायचं होतं. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली कॉम्प्युटरच्या रांगेत उभ्या होत्या. ही म्हणायची, "मला वस्तू हातात धरता यायला हवी. तुमच्यासारखं." मी यशवंतपूरजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मशीनवरून उतरलेले बुश, पिना, रोलर ड्रॉइंगप्रमाणे झालेत की नाही हे मापून बघायचं, बरोबर असेल तर हिरवा ठिपका, चुकला असेल तर लाल, आणि लाल ठिपक्याचा माल वेगळ्या पेटीत. सव्वीस वर्षं मी हेच करतो आहे. 'तुमच्यासारखं' हा शब्द ऐकल्यावर मी दुसऱ्या दिवशी अख्ख्या कारखान्याला सांगत सुटलो होतो.

धडे समजावणारे ढिगानं मिळतात. फोन उघडला की कुणीतरी फळ्यापुढे उभा असतोच. मिळत नाहीत ते प्रश्न. त्यातून रोटेशन, म्हणजे फिरणाऱ्या आणि गडगडणाऱ्या वस्तूंचा धडा. मेकॅनिक्समधला सगळ्यांना घाबरवणारा. चाकं, चेंडू, दारं, भिंतीला टेकलेल्या शिड्या. पाठ्यपुस्तकामागचे प्रश्न तिनं चार दिवसांत संपवले. मग आम्ही दोघं शोधायला लागलो. वीस संकेतस्थळांवर तेच पाच प्रश्न, फक्त अक्षरांचं वळण निराळं. कुणी स्कॅन करून टाकलेली पानं, त्यात आकृती अर्धी कापलेली. अभ्यासाचा म्हणून जॉइन केलेला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सकाळी गुलाबाची फुलं पाठवायचा आणि संध्याकाळी एकमेकांना 'किती झालं?' विचारायचा. प्रश्न कुणीच टाकायचं नाही. क्लासातल्या मुलांना रोज छापील पत्रिका मिळत, त्या ती मुलं बाहेर देत नसत. एकटीनं शिकणाऱ्याला काय कमी पडतं ते मला तेव्हा समजलं. गुरू कसाही मिळतो, सरावाला प्रश्न मिळत नाहीत.

"बाबा, अजून हवेत," ती म्हणायची. "मला येतंय असं वाटतंय. पण वाटणं आणि येणं यातला फरक प्रश्नाशिवाय कसा कळणार?"

एका रविवारी मी अव्हेन्यू रोडला गेलो. तिथं फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतात. विक्रेत्याला नुसतं रोटेशन म्हटलं तर त्यानं ढिगातून एक जाडजूड निळं पुस्तक ओढून माझ्या छातीवर टेकवलं. फक्त मेकॅनिक्सचे प्रश्न. रोटेशनचेच चाळीस, सोप्याकडून अवघडाकडे नीट लावलेले. मला सोनं सापडल्यासारखं झालं. मागं उलटून बघितलं तर उत्तरांची पानं फाडलेली.

"आन्सर इल्वा?" मी विचारलं. उत्तरं नाहीत का?

"आन्सर याके, सार?" तो वैतागून म्हणाला. "क्वेश्चन नोडि, क्वेश्चन!" प्रश्न बघा की, उत्तरं कशाला हवीत. शेजारचा विक्रेता हसला, मीही हसलो. त्या फुटपाथवरच्या माणसाइतकं शहाणं त्या वर्षी मला कुणी काही सांगितलं नाही.

उत्तरं मला स्टोअरमधल्या मंजुनाथनं आणून दिली. त्याच्या अक्काच्या मुलीकडे तेच पुस्तक होतं. "सेम बुक, सार. कव्हर नोडि," म्हणून त्यानं फोनवर फोटो दाखवला. तोच निळा रंग, तेच नाव, तोच लेखक. दुसऱ्या दिवशी उत्तरांच्या पानांच्या झेरॉक्स माझ्या टेबलावर. मी त्याला कँटीनमध्ये मसाला डोसा खायला घातला.

ती पानं मी रेवतीला दिली नाहीत. मी ती माझ्या ऑफिसच्या बॅगेत, डब्याच्या कप्प्यात ठेवायचो. मुलं आधी उत्तर बघतात आणि मग तिथपर्यंत गणित ओढत नेतात, असं माझं मत होतं. शिवाय आमच्या धंद्यात करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असतो. तो नियम मी उचलून घरी आणला. सात वाजता घरी यायचं, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि वही पुढं ओढायची. बरोबर असेल तर हिरवा ठिपका. चूक असेल तर लाल.

"अहो, तोंडानं शाबास म्हणा की," माधुरी म्हणायची. "ठिपके कसले देताय? ती काय बुश आहे?"

पहिल्या चौदा प्रश्नांना चौदा हिरवे ठिपके मिळाले. त्या संध्याकाळचं मला आठवतं, रेवती टेबलाभोवती एक गिरकी घेऊन म्हणाली, "हे बघा, रोटेशन." पंधराव्याला मी लाल खूण केली.

प्रश्न साधा होता. उतारावरून एक भरीव दंडगोल न घसरता गडगडत येतो, त्याचा वेग कसा वाढत जाईल ते काढा. तिचं उत्तर दोन तृतीयांश आलं होतं, पुढचं जी आणि साइन दोन्हीकडे सारखंच. माझ्या पानावर एक द्वितीयांश होतं.

"पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. तेच आलं. तिसऱ्यांदा केलं.

"दाखवा ना ते पान, बाबा."

"उत्तर बघायचं नाही असं ठरलंय आपलं."

"अहो, पण अर्धा येतो तो पोकळ पाइपाचा. हा भरीव आहे. भरीव आणि पोकळ दोन्ही एकदमच खाली पोचतील का?" तिचे डोळे चमकत होते. ती भांडत नव्हती, तिला मजा येत होती. "तुमच्याकडे रोलर असतात ना? एक भरीव घ्या, एक पाइप घ्या, फळी तिरकी करा आणि सोडून बघा. उद्याच बघा."

माझ्या टेबलावर भरीव रोलर होते. पाइपाचे तुकडेही होते. फळी तर कुठंही मिळाली असती. पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, "पुस्तक छापणाऱ्यापेक्षा तू शहाणी का?"

टप् आवाज थांबला. "तिचं एकदा ऐकून तरी घ्या," माधुरी म्हणाली.

"तुला यातलं काय कळतं?" हेही मीच म्हणालो. आता लिहिताना दोन्ही वाक्यं एकाखाली एक आली आहेत. एका मिनिटात मी दोघींना गप्प केलं होतं, आणि दोघींचं बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यात कधीतरी पंधरावा प्रश्न पुन्हा माझ्यापुढे आला. उत्तर एक द्वितीयांश. मी ठिपका दिला आणि म्हणालो, "बघ, शोधली की सापडते चूक." ती हसल्यासारखं हसली आणि वही ओढून घेतली. चूक तिनं शोधली नव्हती. भरीव दंडगोलाला तिनं कागदावर पोकळ करून टाकलं होतं. माझ्या पानावरच्या आकड्यापर्यंत पोचायला दुसरी वाटच नव्हती. ते मी बघितलं नाही, कारण मी फक्त शेवटची ओळ तपासायचो. तपासनीस पीस कसा बनला ते विचारत नाही. माप बसलं की झालं.

त्या चाळीसपैकी बरेचसे जुळायचे, म्हणून पानांवरचा माझा विश्वास कधी हलला नाही. तीन हिरवे, एक लाल. दोन हिरवे, दोन लाल. सगळीच चुकली असती तर मी पानांकडे संशयानं बघितलं असतं. पण अधूनमधून चुकत होती, आणि अधूनमधून चुकणारं पोर हे कुठल्याही बापाला सहज पटतं.

उगादी जवळ आली तसं काहीतरी बदललं. आधी ती आकृती काढून बोलत बसायची. बाण काढताना तोंडानं आवाज करायची, चाक फिरायचं तेव्हा पेनही फिरायचं. ते थांबलं. मी घरी आलो की ती वहीवर हात ठेवायची. एकदा म्हणाली, "आज तुम्ही आधी उत्तर सांगा, मग मी सोडवते." दुसऱ्यांदा एक साधं सूत्र, तिला दहावीपासून तोंडपाठ असलेलं, मला विचारून घेतलं. आणि मी सांगितल्यावर पुन्हा विचारलं, "नक्की ना?" पेनाची टोपणं चावून चावून सपाट झाली होती. माधुरी म्हणायची, परीक्षेची भीती आहे, जाईल. उगादीला कडुनिंब आणि गूळ एकत्र खातात इथं, वर्ष कडू-गोड जावं म्हणून. रेवतीनं गूळ तेवढा उचलला होता. आई रागावली तर म्हणाली, "कडू रोज सातला मिळतं."

आम्ही हसलो. मीसुद्धा.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते तेव्हा मंजुनाथनं ते पुस्तकच आणून दिलं. त्याच्या अक्काच्या मुलीचं काम झालं होतं. "मगळिगे कोडि, सार," मुलीला द्या, म्हणाला. मी डबा खात होतो. डाव्या हातानं सहज रोटेशनचं पान उघडलं. पंधरावा प्रश्न. उतारावरून एक पातळ पोकळ कडं गडगडत येतं.

कडं. दंडगोल नाही.

मी डबा बंद केला. बॅगेत, उत्तरांच्या पानांबरोबर, आमच्या पुस्तकातल्या प्रश्नांचीही मी काढून ठेवलेली झेरॉक्स होती, ती शेजारी ठेवली आणि एकेक ओळ बोटानं धरून चाळीसही प्रश्न वाचले. एकोणतीस शब्दशः तेच. अकरांमध्ये बदल. कुठं भरीवच्या जागी पोकळ, कुठं दाराची रुंदी निराळी, कुठं उताराचा कोन. पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, आवृत्ती तिसरी. आमच्या फुटपाथवरच्या पुस्तकावर, संध्याकाळी घरी जाऊन बघितलं, पाचवी होती. दोन्ही ठिकाणी अक्षरं स्पष्ट होती.

माझ्या कामात ड्रॉइंग हातात आलं की सगळ्यात आधी खालचा उजवा कोपरा बघायचा असतो. तिथं लिहिलेलं असतं हे ड्रॉइंग कितव्या सुधारणेचं आहे ते. जुन्या सुधारणेच्या ड्रॉइंगवर तपासलं तर चांगला माल बाद होतो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आणि विसरला तर सगळ्यांसमोर बोलतो. सव्वीस वर्षांत मी कारखान्यात ही चूक एकदाही केलेली नाही. घरी तीन महिने, रोज सात वाजता, हात धुऊन केली.

त्या संध्याकाळी मी सांगू शकलो असतो. पंधरा दिवस होते. तेवढ्या दिवसांत ती नक्की सावरली असती, ती त्या जातीची मुलगी होती. मी स्वतःला सांगितलं, आता तिचं मन विचलित करायला नको. फार चांगलं दिसणारं कारण आहे हे. चार वर्षं मी ते वापरलं आहे आणि ते अजून झिजलेलं नाही. खरं कारण असं की सांगितल्यावर ती मान वर करून माझ्याकडे बघेल त्या नजरेला मी भ्यालो. ते जुनं पुस्तक मी घरी नेलंच नाही. कारखान्यातल्या माझ्या लॉकरमध्ये ठेवलं.

आणि मग मी आणखी वाईट केलं. पुढचे पंधरा दिवस मी न तपासता हिरवे ठिपके दिले. सगळ्याला. वही पुढं आली की ठिपका, ठिपका, ठिपका.

"सगळीच बरोबर कशी काय?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"तयारी झाली तुझी."

तिचा चेहरा उजळला नाही. तिला आपल्या चुका कळत होत्या. ज्याला आपली चूक दिसते आहे आणि तिच्यावर हिरवा ठिपकाही दिसतो आहे, त्यानं कशावर विश्वास ठेवायचा?

परीक्षेचं केंद्र देवनहळ्ळीच्या पुढं आलं होतं. सकाळच्या बसनं आम्ही दोघं गेलो. द्राक्षांच्या बागा होत्या तिथं आता आखलेले प्लॉट आणि रिकाम्या रस्त्यांवर उभे दिवे. दुपारी ती बाहेर आली तेव्हा इतर मुलांचे घोळके आरडाओरडा करत उत्तरं जुळवत होते. ही सरळ माझ्याकडे आली आणि पाण्याची बाटली घेतली.

"रोटेशनचे आले होते?"

"चार आले. सोडून दिले."

"येत नव्हते?"

"येत होते. पण माझे चुकतातच ना." हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं, रक्तगट सांगावा तसं.

त्यानंतर तिनं बी.कॉम. केलं. चांगल्या गुणांनी केलं, आणि गेल्या सहा महिन्यांपासून ती व्हाइटफील्डला एका कंपनीत जाते, मॅजेस्टिकला मेट्रो बदलून. ती दुःखी आहे असं मला म्हणायचं नाही. मैत्रिणी आहेत, शनिवारी सिनेमा आहे, आईबरोबर खिदळणं आहे. कुणाची मुलगी कॉमर्सला गेली म्हणून कुणी रडत नाही, मीही त्यासाठी रडत नाही. घरात काही बंद पडलं, नळ गळला, मिक्सरचं भांडं घट्ट बसलं, की ती दोन पावलं मागं सरते. "बाबा, तुम्ही बघा. मला त्यातलं कळत नाही." पूर्वी तीच आधी पुढं यायची. लहानपणी माझ्या मायक्रोमीटरनं तिनं घरातल्या सगळ्यांच्या केसांची जाडी मापली होती.

या वर्षी झाडं जरा लवकर फुलली. गेल्या रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या वैशाली आल्या. नागपूरची मंडळी, दोघं नवराबायको आयटीत, मुलगी बारावीला.

"दादा, तुमच्या रेवतीनं क्लास न लावता घरीच केला होता न अभ्यास? आमची सानू बी तेच म्हणते आता. पण रोटेशनचे प्रश्नच भेटून नाही राहिले हो कुठं. मोबाइलवर सारं तेच ते. तुमच्याकडे जुनं काही असन तर द्या न."

मी काही बोलायच्या आत रेवती कॉफीचा कप घेऊन बाहेर आली. "माझी वही नका हं नेऊ, काकू. सगळी लाल आहे. फिजिक्स मला जमायचंच नाही. बिचारी सानू घाबरेल."

वैशाली हसल्या. माधुरीही हसली. घरातला जुना, घासून गुळगुळीत झालेला विनोद होता तो. मी शोधून देतो म्हणालो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली गुलाबी सडा पडला होता आणि कुणीतरी तो झाडत होतं. वही द्यायची तर ती उत्तरं सानूच्या माथी मारायची. वही द्यायची नाही तर का नाही ते सांगायचं. चार वर्षं मी ज्या खिंडीतून निसटत होतो ती दोन्ही बाजूंनी बंद झाली होती. नुसतं निळं पुस्तक देऊन किंवा खोटं बोलून अजूनही निसटता आलं असतं, तेही सांगायला हवं. फक्त ते 'जमायचंच नाही' माझ्यानं पुन्हा ऐकवेना.

दुपारी माधुरी देवळात गेली होती. रेवती हॉलमध्ये आठवड्याचे कुर्ते इस्त्री करत होती. पाच दिवसांचे पाच, तिची ही रविवारची पद्धत. मी समोर खुर्चीवर बसलो आणि सांगितलं. पुस्तक, तिसरी आवृत्ती, पाचवी आवृत्ती, अकरा प्रश्न. एका दमात. माझा आवाज मला परका वाटत होता.

ती इस्त्री करत राहिली. बाही झाली, दुसरी बाही झाली.

"म्हणजे तो भरीव दंडगोल..."

"दोन तृतीयांशच होतं. तुझं बरोबर होतं."

"शिडीचं?"

"बरोबर होतं."

"दाराचं? ते गोळी येऊन लागते ते."

"तेही."

"आणि दोरा गुंडाळलेली चकती खाली येते ते?"

ते मला आठवत होतं. ते अकरा प्रश्न मी विसरू शकत नव्हतो, आणि हे त्यातलं नव्हतं. "ते नाही. ते खरंच चुकलं होतं."

"हं," ती म्हणाली. "ते मला तेव्हाच कळलं होतं. दोऱ्याचा ताण उलट्या दिशेनं घेतला होता मी. बाकीच्यांत मला चूक दिसायचीच नाही. मला वाटायचं, आपल्याला दिसतही नाही, इतके आपण ढ."

तिनं कुर्ता झटकला, घडी घातली. चौथा झाला होता. मला वाटलं झालं, सांगून झालं. छातीवरचं काहीतरी उतरायला लागलं होतं, आणि त्या सुखाची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"परीक्षेच्या पंधरा दिवस आधी."

इस्त्री तिच्या हातात तशीच वर राहिली.

"म्हणजे देवनहळ्ळीच्या बसमध्ये तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं. रोटेशनचे आले तर करू की सोडू, असं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. म्हणालात, तुला वाटेल तसं कर."

मला हे आठवत नव्हतं. या सगळ्या हंगामाचा कण न् कण मी चार वर्षं जपला आहे असं मला वाटत होतं. टरफलांचा वास, टोपणं, उगादीचा गूळ. आणि तिनं मला विचारलं होतं हेच नेमकं मी ठेवलं नव्हतं. मी आठवून बघितलं. बस आठवली, आखलेले प्लॉट आठवले, दिवे आठवले. खिडकीबाहेर बघत होतो, म्हणूनच आठवले.

"रेवू," मी म्हणालो.

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. पाचवा कुर्ता तसाच चुरगळलेला उचलला, बाकीच्यांवर ठेवला आणि सगळा गठ्ठा घेऊन आत गेली. सोमवारी सकाळी चार इस्त्रीचे कपाटात ठेवून तिनं तोच चुरगळलेला घातला, आणि मला येते म्हणून न सांगता मेट्रोला गेली.